काळ्या रंगावरचं मेण

"काळी? मग मेलात तुम्ही, काका," दुकानदार म्हणाला आणि कॉफीचा कप काउंटरवर ठेवून हसला. त्याचं काही चुकलं नव्हतं. काळ्या गाडीवाल्याला सगळेच असं म्हणतात, मीही आयुष्यभर म्हणत आलो. पांढऱ्या रंगात चार पापं खपून जातात, करड्यात दहा. काळा मात्र काही म्हणजे काही पोटात ठेवत नाही. पण मग त्याने विचारलं, "ओरखडे आहेत का कुठे?" साधा प्रश्न, डॉक्टर विचारतो कुठे दुखतंय, तसा. आमच्या क्रागुयेवाचमधली तीन दुकानं पालथी घालून झाल्यावर मी सकाळच्या बसने बेलग्रेडला आलो होतो, नुसतं एक मेण घ्यायला, आणि आता या दाढीवाल्या, तिशीतल्या माणसापुढे मला बोलता येईना. "आहेत," मी म्हणालो. "डिकीवर." "मग सोपं आहे," तो म्हणाला आणि त्याने दोन डबे माझ्यापुढे सरकवले. पहिल्या मेणात घासणारी बारीक पूड होती, ते लावलं की ओरखडा रंगासकट झिजून जातो, कायमचा. दुसरं मेण स्वतःच काळं होतं. ते ओरखड्यात जाऊन बसतं आणि दोन-तीन महिने काही दिसत नाही. तिसरा एक लहान डबा मागे काचेच्या कपाटात होता, त्याकडे मी बोट दाखवलं. "ते? ते निव्वळ मेण आहे, ब्राझीलच्या ताडाच्या पानांचं. त्यात पूड नाही, रंग नाही. पण तुमच्या कामाचं नाही ते, काका. ते काही झाकत नाही. उलट गाडी चमकेल तसा ओरखडाही चमकेल. तुम्हाला कळत नसेल तर सांगतो, रंगाला तीन थर असतात..." आणि तो मला रंगाचे थर समजावून सांगायला लागला. मला! मी ऐकून घेतलं. एक वर्षापूर्वी मी त्याला तिथल्या तिथे सोलून काढला असता.

पस्तीस वर्षं मी गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात होतो, त्यातली शेवटची बावीस तपासणीला. रांगेच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या दिव्यांचा बोगदा, त्यातून गाडी हळूहळू पुढे यायची आणि मी हातात खडू घेऊन उभा. कुठे धुळीचा कण, कुठे रंगाचा ओघळ, कुठे केस अडकलेला. दिसला की खडूचा गोल. बरं असलं तर मी काही बोलत नसे, कारण बरं असायलाच पाहिजे, त्यात काय सांगायचं? पोरं मला तोंडावर स्वेतोझार मिस्त्री म्हणायची आणि पाठीमागे खडू. मला ते आवडायचं. तो खडू मी कानावर ठेवून घरी यायचो आणि घरीही तो चालूच राहायचा. सूपमध्ये मीठ कमी, पडदा एका बाजूला वर, स्तामेन्काच्या नव्या कोटाची शिवण तिरकी. स्तामेन्का माझी बायको, ती म्हणायची, "तुझ्यापुढे देव उभा राहिला तरी तू त्याची बटणं मोजशील." आणि इस्क्रा, आमची मुलगी, एकुलती एक, ती वहीच्या समासात माझं तोंड काढायची. दोन तिरक्या रेघा म्हणजे आठ्या, खाली लोंबणाऱ्या मिश्या, आणि कानावर एक लहान दांडी, तो खडू. पाच-सहा रेघांत मी. भूगोलाच्या वहीत मी, दुधाच्या पिशवीवर मी, फ्रीजवरच्या कागदावर मी. मास्तरांनी एकदा तिला विचारलं होतं, हा रागीट माणूस कोण, तर म्हणाली, "रागीट नाही तो, बाबा आहे." तेव्हा घरी सगळे हसले. मीही हसलो, आणि मग म्हणालो की कान उजवीकडचा मोठा झालाय. हे मी का म्हणालो? कुणी विचारलं होतं?

"लग्नाला वगैरे न्यायचीय का गाडी?" दुकानदाराने विचारलं. हो, लग्नालाच. येत्या रविवारी रेल्याचं लग्न. रेल्या माझ्या मित्राचा मुलगा, आणि मी त्याचा कुम. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी मी त्याला हातांवर धरला होता, त्याच्या बापाला माझ्या बापाने धरलं होतं. दोन घरांचं हे नातं रक्ताच्या वर, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. लग्नात साक्षीला कुम उभा राहतो आणि नवरीला चर्चमध्ये नेते ती कुमची गाडी. आमच्या गल्लीत काळी मर्सिडीज एकच, जर्मनीतल्या चुलतभावाकडून मी घेतलेली. महिन्यापूर्वी रेल्या रकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, सजवलेली लाकडी बाटली घेऊन बोलावणं करायला आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत येईना. "कुम, वर्ष पुरं व्हायचंय अजून. तुम्ही नको म्हणालात तर मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही, लग्न पुढे ढकलीन," म्हणाला आणि खाली बघायला लागला. तो आणि इस्क्रा एकाच अंगणात वाढलेले. मग स्तामेन्का, जी वर्षभर काळ्या कपड्यांत, डोक्याला काळा रुमाल बांधून घरात वावरत होती, तिने ती बाटली त्याच्या हातातून घेतली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "वर्ष लग्नाच्या आदल्या आठवड्यात पुरं होतंय. तुझा कुम गाडी धुवून आणेल." विषय संपला. गेल्या शनिवारी वर्षाचा विधी झाला, थडग्यावर शिजवलेले गहू वाटले, मेणबत्त्या लावल्या, लोक हात दाबून गेले. सोमवारी मी शेडमध्ये गेलो आणि गाडीवरची ताडपत्री काढली. वर्षभरात पहिल्यांदा. गल्लीत म्हणत होतेच, बाकीचे पुरुष चाळीस दिवस दाढी करत नाहीत, स्वेतोझार वर्षभर गाडी धूत नाही. म्हणोत.

त्यांना काय माहीत? कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या वर्षी जूनमध्ये इस्क्रा दोन दिवसांसाठी घरी आली होती. नोवी सादला औषधांच्या दुकानात ती नोकरी करायची, सव्वीस वर्षांची, आल्या आल्या चेरीच्या झाडाखाली उभी राहून बियांसकट चेऱ्या खायची ती अजूनही. तेव्हा आमच्या गल्लीत रस्ता खणलेला, खडीचे ढीग, आणि गाडीवर बोटभर पांढरी धूळ. रविवारी दुपारी मी तिला बसवर सोडणार होतो. किल्ली घेऊन बाहेर आलो तर ती डिकीपाशी वाकून बोटाने काहीतरी काढत होती. "बाबा, बघ, ओळखलंस?" मी चित्र पाहिलंच नाही. मला फक्त बोट दिसलं. खडीच्या धुळीत, काळ्या रंगावर, बोट! "हात काढ!" मी ओरडलो. "अक्कल गहाण ठेवलीस का? धूळ आहे ती? काचेचा चुरा आहे! कुणाची पोर तू, एवढं कळू नये?" ती आधी हसली. "अरे पण तू आहेस तो. बघ तरी, कानावर खडू पण काढलाय." "खड्ड्यात गेला खडू!" मग तिचं हसू गेलं आणि तिने घाईघाईने बाहीने ते पुसलं, म्हणजे आणखी घासलं, आणि मी असा ओरडलो की शेजारची म्हातारी कुंपणापाशी आली. इस्क्रा म्हणाली, "बरं, राहू दे. मी चालत जाते बसला, लांब नाही." मी थांब म्हणालो नाही. मी शेडमध्ये गेलो, तपासणीचा दिवा आणला आणि डिकीवर धरून ओरखडे बघत बसलो. स्तामेन्का पाण्याचा पेला घेऊन फाटकापाशी गेली. निघालेल्या माणसाच्या मागे आम्ही पाणी ओततो, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. "बाबा, निघाले हं," इस्क्राने हाक मारली. "जा," मी म्हणालो. मान वर केली नाही. मग दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला. तिचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते मला माहीत नाही. मला फक्त तो पाण्याचा आवाज माहीत आहे.

रात्री जेवताना मी स्तामेन्काला म्हणालो, उद्या पेस्ट आणतो आणि काढून टाकतो. आणलीही. अर्ध्या तासाचं काम. पण कंबर धरली आणि राहिलं. नवव्या दिवशी नोवी सादहून फोन आला. डोक्यातली शीर फुटली. गिऱ्हाइकाला औषध देता देता. आम्ही शेजाऱ्याच्या गाडीने गेलो. परत आलो तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेडमध्ये जाऊन गाडीवर ताडपत्री घातली आणि दोरीने आवळून बांधली. त्या धरलेल्या कंबरेचे मी अजून आभार मानतो. स्तामेन्काला वाटतं मी ते ओरखडे तेव्हाच काढले. मी तिला कधी सांगितलं नाही. सांगणार काय? चित्र दाखवायचं म्हणजे ते कसं उमटलं ते सांगायचं, आणि मग ते "जा" आलंच. तिने ऐकलंय ते, फाटकापाशीच होती. वर्षभरात तिने एकदाही मला त्यावरून बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि मी सुपातल्या मिठाबद्दल काही बोलायचो नाही, आणि न बोलणंही तिला डाचायचं, हे मला दिसायचं.

सोमवारी मी गाडी शेडबाहेर घेऊन तिच्यावर नुसतं पाणी ओतलं, झारीने, फडक्याचा स्पर्शसुद्धा नाही. धूळ वाहून गेली. वरून बघितलं तर काही नाही, काळी डिकी. मग संध्याकाळी सहाच्या सुमाराला ऊन तिरकं झालं, मी डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो, मान जरा कलती केली, आणि तो वर आला. आठ्या. मिश्या, त्यातली डावी बाहीने धूसर झालेली. कानावर दांडी. उजवा कान मोठा. मी होतो तो. वर्षभर ताडपत्रीखाली मी तसाच इस्क्राकडे बघत बसलो होतो. मी तिथे किती वेळ बसलो कोण जाणे; ऊन सरलं, चित्र विझलं, आणि स्तामेन्काने हाक मारली, जेवायला ये. बावीस वर्षं मी ओरखड्यांभोवती खडूचे गोल काढले ते ओरखडे मिटवण्यासाठी. आता भीती होती की हा मिटेल. नवरीची गाडी बिनमेणाची नेता येत नाही, सगळी गल्ली बघणार. आणि मेण लावायचं तर कोणतं? एक त्याला खाऊन टाकणार, एक त्याला बुजवून टाकणार. म्हणून चार दिवस मी डबे उलटेपालटे करत, मागची बारीक अक्षरं वाचत हिंडत होतो, आणि दुकानदारांना वाटत होतं म्हातारा चक्रम आहे.

"काका?" दाढीवाला म्हणाला. "पूडवालं बांधू?" "नको!" मी असा ओरडलो की दारातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मग मी काउंटरला धरून उभा राहिलो आणि त्या परक्या माणसाला, ज्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं, सांगून टाकलं. डिकीवर एक चित्र आहे म्हणालो. मुलीने बोटाने काढलेलं. मुलगी नाही आता. बास, एवढंच, तीन वाक्यं, वर्षभर घशात अडकलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डबे उचलून खाली ठेवले आणि कपाट उघडलं. "आधी सांगायचं ना, काका. मी काय बडबडत बसलो." तो लहान डबा त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. "याला फडकं नाही, स्पंज नाही. बोटाच्या टोकाने लावायचं, हलकं, गोल गोल. बोटाच्या उबेने वितळतं ते. चित्राला काही होणार नाही. दोन महिन्यांनी परत लावा. पाऊस, ऊन, पाखरं, सगळं वरच्या वर राहील." मग म्हणाला, "काय काढलंय तिने?" "मला," मी म्हणालो. त्याने दाढी खाजवली आणि दुसरीकडे बघितलं.

बसमध्ये डबा मांडीवर धरून बसलो होतो. बाहेर सूर्यफुलं, मका, कुठे कापलेला गहू. वर्षात पहिल्यांदा मला भूक लागली, थांब्यावर उतरून मी चीज भरलेली गरम बुरेक घेतली आणि कागद तेलकट होईस्तोवर खाल्ली. मी ठरवलं होतं. आज सहा वाजता स्तामेन्काला हाताला धरून शेडपाशी आणायची. इथे खाली बस. गुडघा दुखतो तर माझ्या खांद्याला धर. जरा डावीकडे. मान कलती कर. आता बघ. आणि मग सांगायचं, मी तेव्हा बघितलंच नाही गं. मी मान वर केली नाही. बसच्या काचेला डोकं टेकून मी हे इतक्या वेळा म्हणून पाहिलं की शेजारच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

गल्लीत वळलो तर गाडी फाटकाबाहेर उन्हात उभी होती. आधी मला ओळखताच आली नाही. आमच्या घराची भिंत, चेरीचं झाड, आभाळ, सगळं तिच्यात उलटं उतरलेलं. रेल्या बनियनवर, घामाने निथळत, शेवटचा हात फिरवत होता. "आलात, कुम! मी म्हटलं तुम्ही यायच्या आत संपवतो की नाही! मित्राच्या गॅरेजमधून पॉलिशचं मशीन आणलं, सकाळपासून लागलोय. लग्नाच्या आठवड्यात कुमने हात काळे करायचे? लोक आमच्या तोंडात शेण घालतील!" तो माझ्याजवळ आला आणि आवाज उतरवून, कौतुकाने म्हणाला, "डिकीवर काहीतरी होतं हो, गोल गोल, तिरकं तिरकं. कुणी केलं होतं कोण जाणे. तिथे तीनदा मशीन फिरवलं, तेव्हा कुठे गेलं." मग तो दोन पावलं मागे सरला आणि हात मागे बांधून उभा राहिला, माझ्या दिव्यांच्या बोगद्याशी नवी पोरं उभी राहायची तसा. "काढा, कुम. काढा खडू."

मी डाव्या चाकापाशी बसलो. सहा वाजत आले होते, ऊन हवं तितकं तिरकं. मान कलती केली. काही नाही. वीतभर पुढे सरकलो. काही नाही. तळहाताने ऊन अडवलं, सोडलं, पुन्हा अडवलं. एक रेघ, देवा, एक तरी रेघ ठेव. मिशीची नको, कानाची तरी, खडूची दांडी तरी. आयुष्यात मी ओरखडा मागितला नव्हता, तो आता मागत होतो, आणि पोराने काम असं चोख केलं होतं, इतकं चोख, की माझ्या हाताखालच्या कुणालाही जमलं नसतं. "स्वेतो?" मागून स्तामेन्का आली. हातात कॉफीचं तबक. डोक्याला काळा रुमाल नव्हता. निळा होता, फुलाफुलांचा, इस्क्राने दिलेला. "किल्ली मीच दिली त्याला. म्हटलं चार दिवस नुसता डबे बघत फिरतोय, जिवाला लावून घेतोय. तुझं एवढं तरी ओझं कमी व्हावं. बरं केलं ना?" आणि ती थांबली. वर्षभराने तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, अगदी थोडं, कुणी वसकन ओरडलं तर लगेच जाईल एवढं. माझ्या जिभेवर तेच वाक्य आलं होतं, शब्दन् शब्द तेच. अक्कल गहाण ठेवलीस का? ते ओठांपर्यंत आलं आणि मला दगडांवर पाणी पडलेलं ऐकू आलं.

"बरं केलंस," मी म्हणालो. "दोष?" रेल्याने विचारलं. "नाही. एकही ओरखडा नाही." "ऐकलंत का!" तो ओरडला, "खडूने पास केलं! गल्लीत सांगतो आता!" माझ्या गालांचे तीन मुके घेतले, घामाचा आणि पॉलिशचा वास, आणि नाचतच मशीन घेऊन गेला. त्याचा काय दोष? कुणाचाच नाही. सांगायला मी होतो, आणि मी वर्षभर गप्प बसलो.

मी तसाच बसून राहिलो. स्तामेन्काने तबक फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि माझ्या खांद्याला धरून, गुडघा सांभाळत, माझ्या शेजारी वाकली. डिकीत मी दिसत होतो, जवळून, स्वच्छ. ती बघत राहिली. "कपाळाला बघ आठ्या, मिश्या बघ खाली," ती म्हणाली. "इस्क्रा काढायची तस्सा दिसतोयस." तिचा आवाज मध्येच फुटला, आणि मी तिचा हात धरला, आणि आम्ही दोघं रस्त्यावर, भर उजेडात, गाडीच्या मागे बसून रडलो. शेजारची म्हातारी कुंपणापाशी आली आणि आत गेली. बऱ्याच वेळाने स्तामेन्काने निळ्या रुमालाने नाक पुसलं आणि माझ्या खिशातून डोकावणारा डबा बघितला. "हे आणायला गेला होतास एवढ्या लांब? मग लाव की." मी झाकण उघडलं. मेणाला नारळासारखा वास होता. तिने माझ्याकडे बघितलं. "मी लावू? फडकं आणते." "फडकं नको," मी म्हणालो. "बोटाने लाव. इथे, या जागी. हलक्या हाताने." तिने बोटाच्या टोकावर मेण घेतलं आणि डिकीवर गोल गोल फिरवायला लागली. मी तिच्या बोटाकडे बघत राहिलो.